तयार कोड तसाच ठेवायला काय जातं? लिनक्स जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट का काढतं?

तुमचा अ‍ॅटम एन२७० (इंटेलचा जुना ३२-बिट प्रोसेसर) वाला नेटबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, धडधाकट असताना ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या आवृत्तीत त्याच्यासाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही (लिनक्सचा गाभा) नाही, याचा राग येणारच. पण ‘कोड लिहून झालाय, पडू दे की, त्याला काय खायला घालावं लागतं?’ हा तुमचा मुद्दा मला पटत नाही. घालावं लागतं, आणि रोज.

मेमरी सांभाळायची किंवा लॉकिंगची (एकाच डेटाला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून घातलेल्या कुलपाची) पद्धत बदलली की तो बदल कर्नलमधल्या प्रत्येक प्रोसेसरच्या कोडपर्यंत न्यावा लागतो. इंटेलच्या ३८६ या जुन्या प्रोसेसरचं बघा. ‘फक्त वाचण्यासाठी’ म्हणून राखलेल्या मेमरीत खुद्द कर्नलच लिहायला गेला, तर ही चिप त्याला अडवत नसे. ती सोय त्याच्या पुढच्या ४८६ मध्ये आली. कंपेअर-एक्स्चेंज (मेमरीतली किंमत अपेक्षेप्रमाणे असेल तरच बदलणारी) ही सूचनासुद्धा ४८६ पासूनचीच. त्यामुळे एकट्या ३८६ साठी वेगळ्या तपासण्या आणि जोड-तोड सांभाळावी लागे, आणि मल्टिप्रोसेसरच्या कोडला हात लावला की तीच आडवी येई. डिसेंबर २०१२ मध्ये कर्नल डेव्हलपर इंगो मोल्नार यांनी हे सगळं काढणारे बदल लिनक्सचा निर्माता लिनस टोरवाल्ड्सकडे पाठवले, तेव्हा लिनसच्या १९९१ मधल्या मूळ ३८६ वर आता नवं लिनक्स चालणार नाही, अशी थोडी थट्टेतली हळहळही व्यक्त केली. लिनसचं उत्तर साधारण असं होतं: मी भावुक वगैरे नाही, गेलं ते बरं झालं.

वय झालं म्हणून काढतात, हा मात्र गैरसमज. अमिगा, अटारी या मशीनमधल्या मोटोरोला ६८००० मालिकेचा सपोर्ट कर्नलमध्ये अजून आहे. उलट इंटेलचं इटॅनियम २००१ मध्ये बाजारात आलं, २०२१ पर्यंत विकलं जात होतं, तरी जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलमधून ते गेलं. मोटोरोलाच्या कोडला नेटाने सांभाळणारी, जुन्या मशीनवर नवा कर्नल चालवून बघणारी माणसं आहेत. इटॅनियमला तसा वाली उरला नव्हता. मध्यंतरी त्याचा कर्नल मोडला, तर बरेच दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या मते असा कोड काढलेला बरा. कंपाइल होतो म्हणून चालतो असं सगळे धरून चालतात, आणि फटका शेवटी वापरणाऱ्याला बसतो.

फ्लॉपी ड्राइव्ह चालवणाऱ्या कोडचं, म्हणजे ड्रायव्हरचंही असंच. २०१९ मध्ये चालू स्थितीतला ड्राइव्हच मिळणं अवघड झालं, तेव्हा लिनसने तो ड्रायव्हर बेवारस म्हणून नोंदवला. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका डेव्हलपरने जबाबदारी घेतली, आणि ड्रायव्हर राहिला.

एका बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. ‘हे कोणी वापरत नाही’ याचा अर्थ बरेचदा ‘कोणी बोललं नाही’ एवढाच असतो. एखाद्या शाळेच्या लॅबमधला जुना पीसी डेव्हलपरांच्या मेलिंग लिस्टवर तक्रार करायला येत नाही. आणि बोलल्यावर फरक पडतो. २०१९ मध्ये उबुंटू या दुसऱ्या लिनक्स आवृत्तीने ३२-बिट पॅकेजेस बंद करतो म्हणून जाहीर केलं. स्टीम (गेम विकणारं आणि चालवणारं अ‍ॅप) आणि वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) वापरणाऱ्यांनी असा गलका केला की काही दिवसांतच निवडक पॅकेजेस ठेवायचं ठरलं. पण तिथे पाठीशी गेमवाले होते. नेटबुकवाल्यांसाठी कोण ओरडणार?

आता तुमच्या मशीनचं. एन२७० फक्त ३२-बिट आहे, त्यामुळे ६४-बिट टाकायचा प्रश्नच येत नाही. हे वाचणाऱ्या इतरांनी मात्र आपला प्रोसेसर तपासावा. पुढच्या काळातला अ‍ॅटम एन४५० ६४-बिट आहे, आणि त्यावर उगाच ३२-बिट टाकून बसलेले लोक मी पाहिलेत. तुम्ही डेबियन १२ वरच राहा, १३ वर अपग्रेड करू नका. १२ चा लाँग टर्म सपोर्ट (सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत) जून २०२८ पर्यंत आहे. अडचण त्याआधी ब्राउझरची येईल. फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून ३२-बिट लिनक्स सोडलं, आणि ईएसआर १४० ला (फायरफॉक्सची जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) सुरक्षा अपडेट देण्याची हमी सप्टेंबर २०२६ पर्यंतचीच आहे. त्यानंतर या नेटबुकवर बँकेचे व्यवहार करू नका. टायपिंग, गाणी, घरातला छोटा सर्व्हर, यासाठी तो उत्तम आहे. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम ३२-बिट इंटेलसाठी अजून निघतात. सवड असेल तर तेही टाकून बघा.