घरी नर्सिंग सेवा चालू असताना रुग्ण सुधारतोय का, हे मोजायचं कसं?
नर्स किती वेळा येऊन गेली यावरून फारसं कळत नाही. रुग्ण स्वतःचं स्वतः काय करतो ते मोजा. त्यासाठी मला बार्थेल इंडेक्स सर्वात सोयीचा वाटतो: १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला, खाणं, अंघोळ, कपडे घालणं, जिना चढणं अशा १० गोष्टी, एकूण १०० गुण. पहिल्याच दिवशी गुण लिहून ठेवा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? आणि ‘जमेल’ म्हणून गुण देऊ नका, प्रत्यक्ष करतो तेवढ्याचेच द्या. अंथरुणाला खिळलेला असेल तर ब्रेडन स्केलही हवा. त्यात १८ किंवा कमी गुण म्हणजे बेडसोरचा (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचा) धोका. पडणं, पुन्हा भरती होणं तारखेसह नोंदवा. बळावत जाणाऱ्या आजारात मात्र गुण टिकून राहिले तरी सेवा चांगली चालली आहे असंच मी म्हणेन.