आधी नातं शोध, मग भाषेचा प्रकार

ठाणे

प्रिय मित्रा,

तुझा भाषांच्या प्रकारांचा तक्ता पाहिला. चिनी सुट्या शब्दांची, तुर्की प्रत्यय जोडणारी, संस्कृत विकारी (शब्दाचं रूपच बदलणारी), आणि मराठीपुढे प्रश्नचिन्ह. तो तक्ता तूर्त बाजूला ठेव. आधी एकच नातं घे, कर्ता कोण आणि कर्म कोण, आणि ते वाक्यात नेमकं कुठे कळतं ते शोध.

चिनीत ते मुख्यतः क्रमातून कळतं. 'गोउ याओ रन' म्हणजे कुत्रा माणसाला चावतो. 'रन याओ गोउ' म्हटलं की चावणारा माणूस. मराठीत 'माणसाला कुत्रा चावतो' असं फिरवलं तरी चावतो कुत्राच, कारण 'ला' माणसाला चिकटलेला आहे. स्वाहिलीत नामांना विभक्ती नाही, खुणा क्रियापदावर असतात. 'म्टोटो अनाकिसोमा किटाबु', मूल पुस्तक वाचतंय: 'अ' मुलाची खूण, 'ना' वर्तमानाची, 'कि' पुस्तकाची. (किटाबु म्हणजे अरबी किताबच, पण 'कि' हा उपसर्ग मानला गेला आणि अनेकवचन 'विटाबु' झालं!) खूण नामावर पडते की क्रियापदावर, हा भेद भाषाशास्त्रज्ञ जोहाना निकल्स यांनी १९८६ मध्ये नीट मांडला. तुझ्या तक्त्यात तो रकाना नाही.

मराठीवर मात्र वेळ घाल. 'मुलाने आंबा खाल्ला' हे वाक्य चाचणीला कुचकामी आहे. दोन्ही नामं पुल्लिंगी एकवचनी, मग 'खाल्ला'चं लिंग-वचन कोणाच्या मागे गेलं ते कळणार कसं? 'मुलाने पोळी खाल्ली', 'मुलीने आंबे खाल्ले' अशी वाक्यं घे. क्रियापद कर्माच्या मागे गेलेलं दिसेल. 'मुलगा पोळी खातो' मध्ये ते कर्त्याच्या मागे आहे. 'आईने मुलीला मारलं' मध्ये कर्माला 'ला' लागताच क्रियापद दोघींनाही सोडून नपुंसकलिंगी होतं. आणि 'तू पोळी खाल्लीस' बघ: 'ई' पोळीची, 'स' तुझा, शिवाय 'तू'ला 'ने' नाहीच. शाळेतले कर्तरी, कर्मणी, भावे हे तीन खण इथे अपुरे पडतात.

तुकडे पाडताना घाई करू नकोस. तुर्की 'एवलेरिमदे' सरळ सुटतं: एव घर, लेर अनेकवचन, इम माझं, दे मध्ये. मराठी 'घरांना' तसं सुटत नाही. 'आं' मध्ये सामान्यरूप आणि अनेकवचन एकत्र आहेत, वर 'ला'चा 'ना' झाला तोही अनेकवचनामुळेच. म्हणून शब्दाखाली 'घर-सामान्यरूप.अनेकवचन-चतुर्थी.अनेकवचन' असं लिही. सुटणाऱ्या तुकड्यांमध्ये आडवी रेघ, एकाच तुकड्यातल्या अर्थांमध्ये टिंब. शब्दांखाली तुकड्यांचे अर्थ लिहिण्याचे 'लाइप्झिगचे नियम' हेच सांगतात. तमिळ जोडणारी म्हणून निर्धास्त राहू नकोस: 'वीडुगळिल्', घरांमध्ये, स्वच्छ सुटतं, पण एकवचनात 'वीट्टिल्' होतं, मूळ शब्दच बदलतो.

घणसोलीकडे आगरी बोलणाऱ्या आजींना भेटशील तेव्हा प्रमाण वाक्य वाचून 'हे तुमच्यात कसं म्हणतात' असं विचारू नकोस, तेच वाक्य परत मिळेल. काल कोणी काय खाल्लं ते गप्पांत विचार. कर्ते चार: मी, तू, मुलगा, मुलगी. कर्मं तीन: आंबा, पोळी, केळं. भूतकाळाची बारा वाक्यं झाली की तीच वर्तमानात घे. सगळं ध्वनिमुद्रित कर आणि ऐकलं तसंच लिही. 'पानी' ऐकलंस तर 'पाणी' करू नकोस. चोवीस वाक्यं झाली की पाठव, तुकडे आपण मिळून पाडू.

कळावे,
तुझे सर