वाचकांचे प्रश्न : मुलांच्या हाती गाडी देण्याआधी

दहावीचा निकाल लागला की कोल्हापुरात दोनच चर्चा असतात: अकरावीला विषय कोणते आणि गाडी कोणती. या महिन्यात आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न घेतले आहेत.

मुलगी अकरावीत आहे, १६ पूर्ण झाली. घर फुलेवाडीला, क्लास शाहूपुरीत. बिनगिअरच्या गाडीचं लायसन १६ व्या वर्षी मिळतं, असं सगळे सांगतात. घरची ११० सीसी मोपेड तिला दिली तर चालेल का?
— एक आई, फुलेवाडी

नाही चालणार. १६ व्या वर्षी, पालकांच्या संमतीने, लायसन मिळते हे खरे, पण ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरतेच असते. आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या पेट्रोलच्या मोपेड बहुतेक ११० ते १२५ सीसीच्या आहेत. गिअर नसला म्हणून गाडी या सवलतीत बसत नाही. म्हणजे ते लायसन खिशात ठेवून ११० सीसी चालवणे हे विनालायसन चालवणेच ठरते.

मोटार वाहन कायद्यात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर जबाबदारी पालकांवर किंवा गाडीच्या मालकावर येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन मिळत नाही. अपघातात दुसरा कोणी जखमी झाला तर विमा कंपनी त्याला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करू शकते. दंडापेक्षा हा बोजा कितीतरी मोठा असतो, आणि घरात बोलताना नेमका हाच मुद्दा राहून जातो.

विजेवरची गाडी घेणार असाल तर कागद वाचूनच घ्या. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत, अशाच दुचाकीला लायसन आणि नोंदणी लागत नाही. दुकानदार तोंडी सांगेल त्यावर जाऊ नका, चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागा. नंतर वायर काढून वेग वाढवून घेतला की ती गाडी या सवलतीतून बाहेर पडते. हेल्मेट मात्र २५ च्या वेगालाही हवेच. हे जमत नसेल तर अजून दोन वर्षे केएमटीची बस किंवा सायकल. मुलगी रुसेल, तरी आमचे उत्तर हेच राहील.

अकरावी सायन्सला बायफोकलमध्ये ‘स्कूटर अँड मोटारसायकल सर्व्हिसिंग’ हा विषय मिळतोय. घ्यावा का? त्यातून लायसन मिळायला मदत होते का?
— विद्यार्थी, कागल

लायसनशी त्याचा काही संबंध नाही. हा विषय दुरुस्तीचा आहे. त्यात गाडी चालवायला शिकवत नाहीत.

बायफोकल म्हणजे नेहमीच्या विषयांसोबत घ्यायचा व्यवसाय विषय. तो २०० गुणांचा असतो. तो घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. बहुतेक मुले जीवशास्त्र सोडतात. मग इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि बायफोकल असे ६०० गुण होतात. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायचा थोडासुद्धा विचार असेल तर घेऊ नकोस. इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाकडे कल असेल तर विषय उपयोगाचा आहे, कारण प्रात्यक्षिकाला मोठे वजन असते. प्रवेशाआधी कॉलेजची वर्कशॉप बघून ये. उघडून ठेवलेले इंजिन, ब्रेक ड्रम, क्लच प्लेट मुलांच्या हाताला लागतात का, की कपाटात कुलूपबंद आहेत, एवढे बघितले तरी पुरे. ब्रेक शू झिजला की लिव्हर किती आत जाते हे ज्याने स्वतः बघितले आहे, तो रस्त्यावर लिव्हर सैल लागताच थांबतो. गाडी चालवताना या विषयाचा खरा फायदा हा.

मुलाला १८ पूर्ण झाली, लर्निंग लायसन काढलंय. मैदानावर दोन दिवसांत मोपेड चालवायला लागला. आता रस्त्यावर सोडायला हरकत नाही ना?
— एक वडील, उचगाव

हरकत आहे. गाडीचा तोल दोन दिवसांत येतो. थांबवायला शिकायला त्याहून जास्त दिवस लागतात, आणि ते सहसा कोणी शिकवत नाही.

आधी नियम. लर्निंग लायसन सहा महिने चालते, पक्क्यासाठी किमान ३० दिवस थांबावे लागते. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा आणि मागच्या सीटवर पक्के लायसन असलेला शिकवणारा हवा. मित्राला मागे बसवून फिरणे यात बसत नाही.

आता ब्रेक. मोपेडच्या डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, उजव्या हाताला पुढचा. २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत डावी लिव्हर दाबली की दोन्ही चाकांना थोडा थोडा ब्रेक लागतो. म्हणून मुले फक्त डावी लिव्हर वापरतात आणि उजव्या हाताला पुढच्या ब्रेकची सवयच लागत नाही. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे तिथे पकड वाढते आणि थांबवण्याचे निम्म्याहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. दोन्ही लिव्हर एकदम धरा, पण झटका देऊ नका. सेकंदभरात दाब वाढवत न्या. हँडल सरळ हवे. वळणात पुढचे चाक अडकले की गाडी आडवी होते.

दुसरी चूक मनगटाची. नवखा मुलगा घाबरला की उजवी मूठ घट्ट आवळतो आणि त्याच वेळी ॲक्सिलेटर पिळला जातो. गाडी थांबायची ती उडी मारते. यासाठी बसतानाच मनगट मुठीच्या पातळीखाली ठेवायला लावा आणि दोन बोटे कायम पुढच्या लिव्हरवर राहू द्या. पाय घासत थांबण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडा. त्यात घोटा मुरगळतो, ब्रेकही लागत नाही.

सराव असा करा. रिकाम्या मैदानाशेजारच्या डांबरी पट्टीवर खडूने रेघ ओढा. २० च्या वेगाने येऊन रेघेवर ब्रेक धरायचा आणि कुठे थांबला ते पावलांनी मोजायचे. असे वीस वेळा. मग ३०. कोरड्या डांबरावर ३० वरून सुमारे ७ मीटरमध्ये थांबता आले पाहिजे. मुलाला आकडेही दाखवा: धोका दिसल्यापासून ब्रेक धरेपर्यंत एक सेकंद धरला, तर ४० च्या वेगाला गाडी थांबायला साधारण २३ मीटर लागतात आणि ६० ला ४४. वेग दीडपट झाला की अंतर जवळपास दुप्पट होते. पावसात ते आणखी लांबते. पहिल्या सरीनंतरचा तासभर सर्वांत वाईट, तेव्हा रस्त्यावरचे तेल आणि धूळ एक होऊन बसलेले असतात.

गाडीही तपासा. ड्रम ब्रेकची लिव्हर १० ते २० मिलिमीटर सैल फिरून मग ब्रेक धरायला हवा. हवा मॅन्युअलमध्ये दिली असेल तेवढीच, टायर थंड असताना भरा. पंपावरच्या पोराला ‘चाळीस मार’ असे सांगू नका, फुगलेल्या टायरची जमिनीवरची पकड कमी होते.

रस्ता निवडताना पहिले दोन आठवडे सकाळी सहाला राजारामपुरीच्या गल्ल्या. दसरा चौक आणि ताराराणी चौक त्यानंतर. शिरोलीचा हायवे पक्के लायसन आल्यावरही काही महिने नको.

कॉलेजसाठी रोज कुडित्र्याहून शहरात येतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकतो. ओव्हरटेक कधी करावा?
— विद्यार्थी, करवीर तालुका

घाई वाटते तेव्हा हा हिशेब आठव. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर साधारण १५ मीटर लांब धर आणि मागे-पुढे १०-१० मीटर मोकळे. तो २० ने चालला आहे, तू ४० ने, तर पार व्हायला सहा सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात तू ७० मीटर पुढे जातोस आणि समोरून ६० ने येणारी गाडी १०५ मीटर जवळ येते. म्हणजे समोर किमान १७५ मीटर मोकळा, सरळ रस्ता दिसला पाहिजे, २०० धर. वळण, चढ, पूल किंवा फाटा असेल तर नाहीच.

ट्रॅक्टरच्या अगदी मागे राहू नकोस. मोळी सुटते, कांड्या पडतात, आणि तुला समोरचे काही दिसत नाही. कारखान्याच्या फाट्याजवळ कुठल्याही बाजूने पुढे जायचा प्रयत्न नको. ट्रॅक्टर वळला की मागची ट्रॉली त्याच्या चाकोरीतून न जाता आतल्या बाजूला कापत जाते, आणि तिथे सापडलेला दुचाकीस्वार ड्रायव्हरला दिसत नाही. रात्री अनेक ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर नसतो. तुझा दिवा जेवढा रस्ता उजळतो, तेवढ्या अंतरात थांबता येईल असाच वेग ठेव. लो बीमवर ४० पुरे. शेतातून चाकांना लागून आलेला चिखल दिसला तर त्यावर जाण्याआधीच वेग कमी कर, त्यावर असताना ब्रेक आणि हँडल दोन्ही स्थिर ठेव.

कार शिकण्यासाठी मोटार ट्रेनिंग स्कूल निवडताना काय विचारावं?
— वाचक, इचलकरंजी

नियमानुसार खासगी कारचा अभ्यासक्रम किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालवणे किमान १० तासांचे असते. रोज पंधरा मिनिटे दिली तर २१ दिवसांत सव्वापाच तासच होतात. तेव्हा पैसे भरण्याआधी ‘स्टिअरिंग माझ्या हातात एकूण किती तास’ हे विचारा आणि रोजची वेळ वहीत लिहा. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असलेलीच गाडी घ्या. चढावर थांबून पुन्हा निघणे, मागे घेणे, रात्री चालवणे या तीन गोष्टी तासांत आहेत का, तेही पाहा. बऱ्याच ठिकाणी तिसरी नसते.

हेल्मेटचं माप कसं घ्यायचं?
— वाचक, गडहिंग्लज

भुवयांच्या दोन सेंटीमीटर वरून डोक्याभोवती टेप फिरवा आणि आलेला आकडा हेल्मेटच्या तक्त्याशी जुळवा. मुलाला ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून मोठे घेऊ नका. हेल्मेट घालून, पट्टा लावून मागून वर ढकला. पुढे सरकून निघाले तर ते माप मोठे आहे. पट्ट्याखाली जेमतेम एक बोट जावे. आयएसआय खूण पाहा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला थर दबलेला असतो, ते बदला.