वाचकांचे प्रश्न : मेसेज येते, पण मोटर लागत नाही

प्रश्न : सर, मी आर्णी तालुक्यातला, डिप्लोमा फायनलला आहे. थ्री फेज रात्री येते म्हणून बाबांच्या वावरातल्या मोटरीवर 8051 मायक्रोकंट्रोलर आणि सिमवर मेसेज घेणारं जीएसएम मॉड्यूल लावलं, मेसेजमधे इंग्रजीत 'मोटर ऑन' आलं की रिले (मोटरीचा इलेक्ट्रिक स्विच) लागते. हरभऱ्याचं ओलीत सुरू आहे आणि पाचात दोनदा मोटर लागतच नाही. असेंब्ली कोडमधलं स्ट्रिंग कंपेअर (आलेला मेसेज ठरलेल्या शब्दांशी अक्षर-अक्षर जुळवणं) स्लो पडते वाटते, फास्ट कसं करू?

उत्तर : कोड पाहिला बाप्पा. कॉलेजच्या किटवरचा उचलला ना? 8051 ला डीपीटीआर (मेमरीतला पत्ता धरणारं रजिस्टर) एकच आणि तू दोन्ही स्ट्रिंग त्याच्यावरच चालवतो, दर अक्षरामागे पुश-पॉप (पत्ता स्टॅकवर ठेवणं-काढणं), म्हणजे एकच बैलजोडी दोन वावरात जुंपल्यासारखं झालं. आलेला मेसेज आतल्या रॅममधे ठेव, त्याच्यावर आर-झिरो रजिस्टर फिरव, डीपीटीआर फक्त मूव्हसीसाठी, म्हणजे प्रोग्राम मेमरीतला ठरलेला शब्द वाचायला. मग एक्सआरएल करून (दोन्ही अक्षरं सारखी असली की उत्तर शून्य) जेएनझेड, म्हणजे शून्य नसलं तर बाहेर. एका अक्षराला 13 मशीन सायकल (8051 च्या कामाची एक-एक पायरी), आठ अक्षरं 110 च्या आत.

पण मोटर त्याच्यानं अडली नाही. तुझा क्रिस्टल 11.0592 मेगाहर्ट्झ, 9600 बॉडला (सेकंदाला 9600 बिट) एक अक्षर 960 मशीन सायकलनं येते, तुझं जुनं रुटीन तिप्पट हळू धरलं तरी पुढचं अक्षर यायच्या आत मोकळं होते. खरी गडबड एलसीडीची आहे. मेसेज येत असतानाच स्क्रीन क्लिअर करतो आणि वरून 5 मिलीसेकंदाचा डिले, तेवढ्यात चार-पाच अक्षरं येऊन जातात आणि एसबफमधे (आलेलं अक्षर ठेवायचं रजिस्टर) एकच मावते, मग 'मोटर'मधलं अर्ध गायब, कंपेअर बिचारं काय करणार.

सिरियल इंटरप्ट घे, म्हणजे अक्षर आलं की चालू काम थांबवून आधी ते उचललं जाते; व्हेक्टर (त्या रुटीनचा पत्ता) 23 हेक्स. पीएसडब्ल्यू (फ्लॅगचं रजिस्टर) आणि ॲक्युम्युलेटर पुश कर, रजिस्टर बँक 1 वर जा, अक्षर बफरमधे टाक, आरआय (अक्षर आल्याची खूण) क्लिअर, बाहेर. बफर 40 ते 4एफ हेक्स ठेवला की पॉइंटर वाढवून 4एफ शी अँड करायचा, 50 झाला की आपोआप 40 वर येते, कंपेअर-जंपची भानगडच नाही. फक्त स्टॅक पॉइंटर (पुश केलेलं कुठं जाईल ते दाखवतो) सुरुवातीलेच वर हलव, रीसेटनंतर तो 07 वर असते आणि पहिलाच पुश बँक 1 च्या आर-झिरोवर जाऊन बसते. मी स्वतः यात दोन रात्री घालवल्या आहेत.

आणि रिलेच्या कॉइलवर, ती बंद होताना उसळणारा व्होल्टेज जिरवायला, डायोड लावला का? फोटोत तर दिसून नाही राहिला.