लढाई संपल्यावरची मिनिटं

बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या कार्टून मालिकेचे तेराही भाग वाचले. खानापूरच्या रानातली पोरं झकास उतरली आहेत. घोटाळा आहे तो तेराव्या भागात. भाग २२ मिनिटांचा, राक्षस हरतो १९व्या मिनिटाला, आणि उरलेल्या तिनात सत्कार, आईची भेट, दोस्तांची ताटातूट सगळं कोंबलेलं. पोरं लढाई बघायला बसतात हे खरं, पण शेवट म्हणून त्यांच्या मनात राहतं ते लढाईनंतरचं.

आपल्याकडे सप्ताह बसला की शेवटी काल्याचं कीर्तन आहे हे पहिल्याच दिवशी सगळ्या गावाला ठाऊक असतं. मालिकेचा कालाही असाच लवकर जाहीर व्हावा. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या कार्टून मालिकेचे भाग ६१. उन्हाळा सरताना धूमकेतू येणार, तोवर नायक आंगनं पाणी, माती, अग्नी, वारा ही चारही तत्त्वं शिकायची, हे आठव्या भागातच कळतं. म्हणून जुलै २००८ मधला चार भागांचा शेवट अंगावर आल्यासारखा वाटत नाही. खोट तिथंही राहिलीच. शत्रू असलेल्या राजाला न मारता त्याची शक्ती काढून घ्यायची विद्या आंगला अगदी अखेरीस मिळते, आणि ती पेरायची राहून गेली असं वाटतं. तुझा शंखही तेराव्यातच उगवतो. त्याला चौथ्या भागात आण, तिथं तो वाजवूनही उपयोग होऊ देऊ नकोस, नवव्यात पुन्हा नुसता दाखव.

त्याच मालिकेचा निरोप मात्र नीट बघ. युद्ध संपलंय, सगळे चहाच्या दुकानात बसलेत, आंगचा दोस्त सोक्का सगळ्यांचं चित्र काढतो आणि ते इतकं वाईट येतं की जो तो नावं ठेवतो. भाषण कुणीच करत नाही.

‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ एका उन्हाळी सुट्टीची गोष्ट, ४० भागांत फेब्रुवारी २०१६ मध्ये संपली. सुट्टी सरली की जुळी भावंडं बसनं घरी जाणार. मामाच्या गावाहून परतणाऱ्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. खलनायकाला हरवायला त्यांच्या आजोबांच्या भावानं, स्टॅननं, आपली आठवण पुसू दिली, ती मात्र फोटोंची वही बघून काही मिनिटांत परत यायला लागते. आमच्या मते ती घाई झाली. त्याग दाखवलास तर तो थोडा दुखू दे.

उलट उदाहरण ‘समुराय जॅक’. २००४ मध्ये मालिका शेवटाविना थांबली, २०१७ मध्ये १० भाग मिळाले, तरी सुटका, भूतकाळात परतणं, आकू राक्षसाचा वध, लग्न आणि नवरी आशीचं नाहीसं होणं हे सगळं एकाच शेवटच्या भागात आलं. जागा होती, ती आधी वापरली गेली नाही.

तेव्हा २२ मिनिटं उलटी मोज. राक्षस १४व्या मिनिटाला पडू दे. पुढचं दीड मिनिट कुणी बोलू नये, रानाचा आवाज पुरे. मग पाच-सहा मिनिटं निरोपांची, प्रत्येक सोबत्याला एकच कृती. शेवटच्या मिनिटात पहिल्या भागातली जागा पुन्हा दाखव, आता रिकामी. तुझे धागे मोजले, सात निघाले. तेराव्यात तीनच राहू देत, बाकीचे अकराव्या-बाराव्यात मिटव, नाहीतर चित्रफलक (स्टोरीबोर्ड) काढणारा तुझ्या नावानं खडे फोडेल.

मालिका पुढं चालली तर काय, हे तू विचारलंयस. १९७४ मध्ये डोरेमॉनच्या चित्रकथेत त्याचा निरोप आला होता. डोरेमॉननं निर्धास्त जावं म्हणून नोबिता दांडग्या जियानशी एकटा लढतो, मार खातो, पण हटत नाही. पुढं डोरेमॉन परतला, तरी नोबिताची ती रात्र खोटी ठरली नाही. तूही नायकाची अडचण मिटव, जग उघडं ठेव.

संवादांचं एक. ही मालिका कन्नडमध्येही जाणार, तेव्हा निरोपात शब्दांच्या कोट्या नकोत, त्या भाषांतरात पहिल्या मरतात. तुझी पोरगी दारात ‘जाते’ म्हणते. आपल्याकडं असं कोण म्हणतं? ‘येते की’ म्हणू दे. कन्नडमध्ये ‘होगि बर्तीनि’ आहेच.

दुरुस्त केलेला तेरावा भाग पाठव. सोबत मिनिटांचा कागदही.