१ लाख ८५ हजारांचं कोटेशन आणि एकच कोड

सांगलीच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. २०१७ ची ऑटोमॅटिक सिडान, ८२ हजार किलोमीटर झालेली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबणं नको म्हणून घेतलेली. महिन्याभरापासून इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ नीट चालते. वर्कशॉपने स्कॅन करून पी ०७०० हा बिघाडाचा कोड दाखवला आणि पूर्ण गिअरबॉक्स बदलायला १ लाख ८५ हजार सांगितले. दुसरीकडे शोरूमवाले आहे त्या स्थितीत गाडीचे पावणेतीन लाख देऊन नवी गाडी घ्या म्हणतात, तेही 'महिनाअखेरपर्यंतच'. त्यासाठी १२ लाखांचं कर्ज लागेल. हातात ३ लाखांची एफडी आहे, पण जुलैत मुलीची १ लाख ६० हजार फी भरायची आहे. महिन्याला १२ हजार शिल्लक पडतात.

ताई, आज यातलं काहीच करू नका. तुमच्याकडे किंमत आली आहे, निदान अजून आलेलं नाही.

पी ०७०० या कोडचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कंप्युटरने स्वतःकडे काहीतरी बिघाड नोंदवला आहे आणि इंजिनाच्या कंप्युटरला दिवा लावायला सांगितलं आहे. खरा कोड गिअरबॉक्सच्या कंप्युटरमध्ये असतो आणि साधा स्कॅनर बहुतेक वेळा तिथपर्यंत पोचत नाही. त्या आतल्या कोडवर खर्चाचा आकडा कमालीचा बदलतो. पी ०७१५ निघाला तर इनपुट स्पीड सेन्सर (गिअरबॉक्समध्ये येणारा वेग मोजणारा) किंवा त्याची वायरिंग आधी तपासायची. पी ०७५० च्या आसपासचा असेल तर सोलेनॉइड (गिअर बदलण्यासाठी ऑइलची वाट उघड-बंद करणारी विजेवरची झडप) किंवा त्याचं सर्किट. पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर चुकतंय. तिथे गिअरबॉक्सच्या आतले क्लच (पायाने दाबायचा तो नव्हे) घसरत असण्याची शंका येते आणि मोठ्या खर्चाची तयारी ठेवावी लागते. बंद-चालू केल्यावर गाडी सुधारते, यावरून मला आधी वायरिंग, कनेक्टर आणि बॅटरी बघावीशी वाटते. बॅटरी कमजोर असली तरी असे कोड येतात, आणि ती तपासायला पाच मिनिटं लागतात. २०१९ च्या महापुरात गाडी पाण्यात उभी होती का, हे पत्रात नाही. होती असेल तर मेकॅनिकला ते पहिल्यांदा सांगा, कारण कनेक्टरमध्ये धरलेला गंज वर्षांनंतरही त्रास देतो.

म्हणून पहिला खर्च निदानाचा. गिअरबॉक्सचा कंप्युटर वाचू शकणाऱ्या माणसाकडून पूर्ण स्कॅन करून घ्या. ऑइलची पातळी, रंग आणि जळका वास तपासायला सांगा. कोड मिटवण्याआधी रिपोर्टची प्रिंट हातात घ्या. कोड मिटवला की त्या क्षणाचा वेग, तापमान वगैरे नोंदीही जातात, आणि दुसऱ्या गॅरेजमध्ये मत घ्यायला तुमच्याकडे पुरावा उरत नाही. यासाठी पाच हजार बाजूला काढा आणि ते वाया गेले असं मनात आणू नका. अडकलेल्या गिअरमध्ये गाडी लांब नेऊ नका. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर टोइंग त्यातून होईल. गिअरबॉक्सची झीज मात्र साध्या विम्यात बसत नाही, त्या आशेवर राहू नका.

दुरुस्ती ३०-४० हजारांत आटोपली तर प्रश्न मिटला, तीन-चार महिन्यांच्या शिलकीतून ती निघेल.

आणि खरंच गिअरबॉक्स गेला असेल तर? १२ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २४,९०० येतो आणि व्याजच जवळपास २ लाख ९५ हजार जातं. तुमची शिलकीची रक्कम त्याच्या निम्मीही नाही. उलट १ लाख ८५ हजार घालून गाडी आणखी चार वर्षं वापरली, तर तो खर्च महिन्याला ३,८५० च्या आसपास पडतो. विकायचीच असेल तर एवढा पैसा घालण्यात अर्थ नाही, वापरायची असेल तर आहे. तुम्हाला ऑटोमॅटिकची गरज आहे आणि बाकी गाडी ठणठणीत आहे, म्हणून मी दुरुस्ती निवडेन. पण पुण्यात फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करणारी गॅरेजं आहेत, तिथे उघडून दुरुस्त करण्याचा दर घेतल्याशिवाय नाही, आणि वर्षभराची लेखी वॉरंटी मिळाल्याशिवाय नाही.

पैसे कुठून? फीचे १ लाख ६० हजार आधी वेगळे, त्यांना हात नाही. एफडीतून फार तर ८५ हजार काढा. बँक अंशतः मोडू देते का विचारा, म्हणजे दंडाचा अर्धा-एक टक्का फक्त तेवढ्याच रकमेवर बसेल. उरलेले एक लाख शिक्षक पतसंस्थेतून घ्या. ११ टक्के दर आणि दोन वर्षं धरली तर हप्ता ४,६६० च्या आसपास येईल. पर्सनल लोनच्या आधी तिथला दर बघा. एफडीत ५५ हजार उरतील. अडीअडचणीला ते कमीच आहेत, म्हणून शिलकीतले उरलेले सात हजार वर्षभर तिथेच जाऊ द्या.

शोरूमची 'महिनाअखेरपर्यंतच' ही मुदत मनावर घेऊ नका. आणि कोड मिटवून, काही न सांगता गाडी विकून टाका असं सुचवणारे भेटतील. ते करू नका. घेणाऱ्याच्या घरातही अशीच फी भरायची असते. आतला कोड कळला की प्रिंटचा फोटो आणि दोन गॅरेजचे दर मला पाठवा, आकडे पुन्हा मांडू.