'क्षेत्रीय', 'प्रादेशिक' की 'विभागीय'? एका अभिनंदन फलकाचा घोळ

बेळगावजवळच्या खानापूरहून एका मामांचा प्रश्न आलाय. त्यांच्या भाचीला जर्मनीत, हायडेलबर्ग विद्यापीठाच्या 'साउथ एशिया इन्स्टिट्यूट'मध्ये एम.ए.ला प्रवेश मिळालाय. गल्लीतल्या मंडळाला फलक लावायचाय, पण घोडं मजकुरावर अडलंय. अध्यक्षांनी 'दक्षिण आशियाई क्षेत्रीय अभ्यास केंद्र' असं लिहून दिलं. निवृत्त गुरुजींनी 'क्षेत्रीय' खोडून 'प्रादेशिक' केलं. डीटीपीवाल्या पोरानं कुणाला न विचारता 'विभागीय' टाकून प्रूफ पाठवलं. मामा विचारतात, "अर्थ एकच न्हवं सगळ्यांचा? खरं मग एकपण बरोबर का वाटंना?"

मामा, आधी भाचीचं अभिनंदन. आणि तुमच्या कानाला जे खटकतंय ते खरोखरच खटकण्याजोगं आहे.

डीटीपीवाल्यापासून सुरुवात करू, कारण त्याचा शब्द सगळ्यात लवकर बाद होतो. मराठीत 'विभागीय' म्हटलं की डोळ्यांसमोर सरकारी कचेरी येते. पुण्याला बसतात ते विभागीय आयुक्त. आता गंमत बघा, तसाच अधिकारी आपल्या बेळगावात बसतो आणि त्याच्या दारावर कन्नडमध्ये 'प्रादेशिक आयुक्तरु' असतं. म्हणजे निपाणीपुढचा नाका ओलांडला की विभागीयचं प्रादेशिक होतं, खुर्ची तीच. सीमाभागात हे दोन्ही शब्द आपण अर्जावरच्या पत्त्यात वाचत आलोय. त्यामुळे 'विभागीय' काय किंवा 'प्रादेशिक अभ्यास केंद्र' काय, वाचणाऱ्याला वाटणार की मुख्य कचेरी दुसरीकडे असेल आणि ही तिची शाखा. मुक्त विद्यापीठाची विभागीय केंद्रं आणि अभ्यासकेंद्रं असतातच. पोरगी जर्मनीला गेली की बाहेरून परीक्षा देतेय, असा प्रश्न फलकाखाली उभं राहून विचारणारे निघतील.

अध्यक्षांचा 'क्षेत्रीय' मात्र नीट उलगडून बघायला हवा. हा शब्द 'प्रदेशाचा' या अर्थानं आपल्याकडे हिंदीतून आलाय. बँकेच्या पाटीवर 'क्षेत्रीय कार्यालय' असतं ना, तोच. हिंदीत क्षेत्र म्हणजे इलाखा, टापू. मराठीत 'क्षेत्र' वेगळ्या वाटांनी फिरतं. चिकोडी-अथणीकडे विचाराल तर क्षेत्र म्हणजे उसाखालची जमीन, नाहीतर कारखान्याचं कार्यक्षेत्र. म्हाताऱ्या माणसांना विचाराल तर पंढरपूर, सौंदत्ती. कॉलेजच्या पोरांना विचाराल तर 'या क्षेत्रात स्कोप आहे का?' आणि सीमेपलीकडच्या शाळांत भूगोलाच्या पुस्तकात 'क्षेत्रभेट' असते, म्हणजे जागेवर जाऊन पाहणी करणं. म्हणून 'क्षेत्रीय अभ्यास' म्हटलं की मराठी कानाला आधी ऐकू येतं ते वही-पेन घेऊन शेतातून किंवा वस्तीतून हिंडणं. ते काम या केंद्रांत होतं हे खरं, पण केंद्राचं नाव त्यावरून पडलेलं नाही.

मग नाव कशावरून पडलंय? जगाचा एक मोठा तुकडा घ्यायचा, म्हणजे दक्षिण आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका वगैरे, आणि त्याची भाषा, इतिहास, धर्म, राजकारण, अर्थकारण हे सगळं एका छपराखाली शिकायचं. याला इंग्रजीत 'एरिया स्टडीज' म्हणतात. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावली. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात दक्षिण आशियासाठी असा विभाग १९४८ साली सुरू झाला. १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यावर अमेरिकेला घाई झाली. १९५८ च्या कायद्यानं परक्या भाषा आणि परके मुलूख शिकवणाऱ्या केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. म्हणजे उगम निव्वळ ज्ञानलालसेचा नाही, हेही लक्षात असू द्या. तुमच्या भाचीची संस्था १९६२ ची. आणि हे फक्त गोऱ्यांनी आपल्याकडे बघण्यासाठी आहे असंही नाही. मुंबई विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचं केंद्र १९७१ पासून आहे.

इथे अभ्यासाचा विषय प्रदेश आहे. केंद्र त्या प्रदेशातलं असायची गरज नाही. हायडेलबर्ग जर्मनीत आहे, दक्षिण आशियात नाही. 'प्रादेशिक', 'क्षेत्रीय', 'आशियाई' ही सगळी विशेषणं आहेत आणि ती जाऊन चिकटतात शेवटच्या नामाला. 'दक्षिण आशियाई केंद्र' म्हटलं की केंद्रच दक्षिण आशियाई झालं. 'प्रादेशिक अभ्यास' म्हटलं की अभ्यासच स्थानिक पातळीवरचा झाला. आपल्याला हवी आहे षष्ठी. प्रदेशाचा अभ्यास, म्हणून प्रदेश-अभ्यास. मराठीनं हा प्रश्न एकदा फार छान सोडवलाय. विद्यापीठांत 'स्त्री-अभ्यास केंद्र' असतं. तिथे कुणी 'स्त्रैण अभ्यास केंद्र' अशी पाटी लावली नाही! नाम तसंच ठेवलं, पुढं 'अभ्यास' जोडला, काम झालं. तोच साचा इथे घ्या.

गुरुजी म्हणतील, 'प्रदेश' म्हणजे तर राज्य, उत्तर प्रदेश, पक्षाचे प्रदेशाध्यक्ष. बरोबर आहे. म्हणून 'प्रदेश-अभ्यास' हा शब्द मी त्या विद्याशाखेचं सर्वसाधारण नाव म्हणून ठेवीन, लेखात वगैरे. एकाच केंद्राचं नाव लिहिताना तो लागतच नाही. दक्षिण आशिया हा प्रदेश आहे हे वेगळं सांगायला कशाला हवं? 'दक्षिण आशिया अभ्यास संस्था' म्हटलं की बास. खरं तर मूळ नावात 'अभ्यास'सुद्धा नाही, नुसतं 'दक्षिण आशिया संस्था' आहे. पण आपल्याकडे संस्था म्हटली की पतसंस्था नाहीतर शिक्षणसंस्था, म्हणून 'अभ्यास' घालावा. मात्र 'केंद्र' नको. ते इन्स्टिट्यूट आहे, तर संस्थाच लिहा.

अध्यक्षांनी खाली कंसात 'आंतरविद्याशाखीय' लिहिलंय, ते चांगलं आहे. फक्त प्रूफात त्याचं 'अंतर्विद्याशाखीय' झालंय, तो रफार काढून 'आंतर' असं पूर्ण लिहा. 'आंतर' म्हणजे एकमेकांच्या दरम्यान, जसं आंतरजातीय, आंतरशालेय. 'अंतर्' म्हणजे आतल्या आत, जसं अंतर्गत. दोन्हींत नेमका उलटा अर्थ आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या २०१६ च्या कायद्यात तर आंतरविद्याशाखीय अभ्यास ही स्वतंत्र विद्याशाखाच करून टाकलीय, म्हणजे शाखांच्या मधली जागा हीच एक शाखा. असो. कन्नडमध्ये याला 'अंतरशिस्तीय' म्हणतात, कारण तिकडे ज्ञानशाखेला 'शिस्तु' हा शब्द चालतो. आपल्या मराठी कानाला ते एन.सी.सी.च्या कवायतीसारखं वाटतं, पण मला तो शब्द आवडतो. लहान आहे, आणि प्रत्येक शास्त्राची आपली एक शिस्त असते हे तो सांगतो.

मंडळाच्या पोरांना 'म्हणजे ती तिथे नक्की काय शिकणार?' हे समजावायचं असेल तर गुंथर सोंथायमर यांचं नाव सांगा. भाचीच्याच संस्थेत ते शिकवायचे, १९९२ मध्ये वारले. माणूस मूळचा कायद्याचा, हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर काम केलेला. आणि पुढे धनगरांच्या वाड्यांवर राहून बिरोबा-खंडोबाच्या ओव्या गोळा करत हिंडला. आपला खंडोबा कन्नडमध्ये मैलार होतो, तेलुगूत मल्लण्णा. या तिघांना एक देव म्हणून बघायचं तर नुसता मराठीचा विभाग पुरत नाही, नुसता कन्नडचाही नाही. अथणीकडच्या मंगसुळीला खंडोबाच्या देवळात भंडारा उधळताना शेजारचा कुठल्या भाषेत देवाचं नाव घेतो हे कोण बघतं? ते बघणं म्हणजे प्रदेश-अभ्यास. सीमाभागातल्या पोरीला हा विषय परका वाटायचं कारणच नाही, ती त्यातच वाढलीय.

एक राहिलं. पेपरवाले 'मध्यपूर्व अभ्यास' असं लिहितात तेव्हाही जरा थांबा. ती मध्यपूर्व लंडनहून बघणाऱ्याची. खानापूरहून बघाल तर पश्चिमेलाच येते, म्हणून पश्चिम आशिया. उलट 'आग्नेय आशिया'बद्दल मराठी-कन्नड दोघांनीही पाठ थोपटून घ्यावी. इंग्रजीला दोन दिशा जोडून जे सांगावं लागतं ते आपण एका शब्दात सांगतो. तसाच 'वायव्य' आपल्या लाल बसवर रोज दिसतो, 'वायव्य कर्नाटक रस्ते सारिगे', तो वाचून पोरांना दिशा तरी पाठ होतात.

तर मजकूर असा करा: 'जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास संस्थेत उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' फलकावर कन्नड ओळ घालणार असाल तर डीटीपीवाला मराठीचीच नक्कल मारून 'अभ्यास' ठेवेल, तो ठेवू देऊ नका. कन्नडमध्ये अभ्यास म्हटलं की सराव किंवा सवय आधी आठवते, 'चहा कुडियो अभ्यास' म्हणतात तशी. तिथे 'अध्ययन' पाहिजे, धारवाडच्या विद्यापीठात 'कन्नड अध्ययन पीठ' आहे तसं. 'दक्षिण एष्या अध्ययन संस्थे'. शेवटचा 'स्थे' चुकून पडलेला नाही, तो कन्नडचाच आहे. त्याचं 'स्था' करू नका म्हणावं.